साखरेचं घड्याळ कोण पळवतं?

डब्यातली साखर वर्षानुवर्षं गप्प बसते. तीच साखर तोडलेल्या उसात मात्र तासागणिक कमी होत जाते. रेणू तोच, रिअॅक्शन तीच, फक्त वेग वेगळा. बारावीत पाठ करून सोडून दिलेला 'केमिकल कायनेटिक्स'चा धडा रोज शेतात, कारखान्यात आणि तुमच्या पोटात सुरू असतो. एकदा तो उसाच्या बाजूने वाचून तर बघा!

घरात गुलाबजाम किंवा पाकातल्या पुऱ्यांचा बेत असेल तेव्हा जरा स्वयंपाकघरात डोकवा. पाक उकळत असताना त्यात लिंबाचे चार थेंब पिळले जातात. का, असं विचारलंत तर उत्तर मिळेल, 'नाहीतर थंड झाल्यावर परत साखर धरते.' उत्तर अगदी बरोबर आहे. पण त्या चार थेंबांनी नेमकं केलं काय?

आपली रोजची साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन छोट्या साखरा एकमेकींचा हात धरून बसल्या की सुक्रोज तयार होतं. पाणी मिळालं की हा हात सुटू शकतो. लिंबातल्या आम्लाने आणि गॅसच्या आचेने तो थोडा लवकर सुटला. काही सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं, पाकात तिघांची सरमिसळ झाली आणि त्या गर्दीत सुक्रोजला नीट रांगेत बसून स्फटिक करता येईना. पाक पातळ राहिला.

आता 'सुटू शकतो' या शब्दांवर थांबा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. साध्या, स्वच्छ पाण्यात साखर विरघळवली, खोलीच्या तापमानाला ठेवली, आम्ल नाही, जंतू नाही, कुणाचीच मदत नाही, तर निम्मी साखर फुटायला शेकडो वर्षं लागतील. तीच साखर तुम्ही चहातून प्यायलात की छोट्या आतड्यात पोहोचल्यावर काही मिनिटांत फुटायला लागते. आणि तोडून बांधावर पडलेल्या उसात? तिथे हिशेब वर्षांचाही नाही आणि मिनिटांचाही नाही. तिथे तो तासांचा आणि दिवसांचा आहे.

एखादी रिअॅक्शन होईल का, हा एक प्रश्न. ती कधी होईल, हा पूर्ण वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर थर्मोडायनॅमिक्स देतं, दुसऱ्याचं कायनेटिक्स. तुमच्या हातातला हा पेपरच घ्या. कागद आणि हवेतला ऑक्सिजन यांनी मिळून पेट घ्यावा, हे ऊर्जेच्या हिशेबात केव्हाही फायद्याचंच आहे. तरीही पेपर तुमच्या हातात शांत आहे. रद्दीत पडून तो पिवळा पडतो तेव्हाही त्याची ऑक्सिजनशी रिअॅक्शनच चाललेली असते, पण ती इतकी संथ की कुणाचं लक्ष जात नाही. काडी ओढलीत की दुसरी, झटपट वाट उघडते. जग चाललंय ते बऱ्याच रिअॅक्शन्स हळू आहेत म्हणूनच!

प्रकाश उलटा फिरला

कायनेटिक्सचा इतिहास कुठल्याही प्रयोगशाळेतल्या स्फोटाने सुरू झाला नाही. तो सुरू झाला उसाच्या साखरेने. १८५० साली लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन संशोधकाने साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं आणि साखर किती वेगाने फुटते ते मोजलं. रिअॅक्शन सुरू असताना, तिला न थांबवता, तिचा वेग कसा मोजायचा हा मोठा प्रश्न होता. विल्हेल्मीने प्रकाशाची मदत घेतली.

साखरेच्या द्रावणातून पोलराइज्ड प्रकाश सोडला की त्याचं प्रतल थोडं फिरतं. सुक्रोज ते उजवीकडे फिरवतं. सुक्रोज फुटून झालेलं ग्लुकोजही उजवीकडेच फिरवतं, पण फ्रुक्टोज त्याहून जास्त जोराने डावीकडे फिरवतं. म्हणून साखर फुटत जाते तसा काटा उजवीकडून हळूहळू शून्यावर येतो आणि मग डावीकडे जातो. दिशा उलटी होते म्हणून या रिअॅक्शनचं नाव 'इन्व्हर्जन'. बीएस्सीला असलेल्यांना पोलरीमीटरच्या नळीत डोळा लावून काढलेले रीडिंग आठवत असतील. ते रीडिंग घेताना तुम्ही विल्हेल्मीचाच प्रयोग पुन्हा करत होता.

त्याला काय सापडलं? कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग हा त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. साखर जास्त, वेग जास्त. साखर निम्मी उरली, वेगही निम्मा. त्यामुळे १०० ग्रॅमचे ५० व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ५० चे २५ व्हायला आणि तेवढाच २५ चे साडेबारा व्हायला. यालाच तुम्ही 'फर्स्ट ऑर्डर' म्हणता आणि त्या ठरावीक वेळेला 'हाफ लाइफ'. खरं तर या रिअॅक्शनमध्ये पाणीही भाग घेतं. पण ते इतकं मुबलक असतं की थोडं संपल्याने काही फरक पडत नाही. म्हणून पुस्तकात हिच्यापुढे 'स्यूडो' लावलेलं असतं. सीईटीच्या एमसीक्यूत हमखास दिसणारा तो 'स्यूडो फर्स्ट ऑर्डर' इथून आलाय.

एवढं मोठं काम, पण दखल जवळजवळ कुणीच घेतली नाही. विल्हेल्मी १८६४ मध्ये गेला. त्याच्या कामाकडे लोकांचं लक्ष वेधलं ते विल्हेल्म ओस्टवाल्डने, १८८४ साली. पुढे १९०९ मध्ये ओस्टवाल्डला नोबेल मिळालं, त्यात रिअॅक्शनच्या वेगावरचं कामही धरलं होतं.

दहा अंशांची किंमत

याच साखरेकडे आणखी एक जण वळला. स्वीडनचा स्वांते आऱ्हेनियस. हा तोच, ज्याच्या पीएचडीच्या प्रबंधाला १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाने अगदी खालचा दर्जा दिला होता. त्याच प्रबंधातल्या विचारांवर पुढे १९०३ चं नोबेल मिळालं. (एटीकेटी लागलेल्यांनी ही ओळ कापून ठेवायला हरकत नाही.) तर या आऱ्हेनियसने १८८९ मध्ये एक पेपर लिहिला. विषय होता आम्लामुळे उसाच्या साखरेचं होणारं इन्व्हर्जन. जगभरातले केमिस्ट्रीचे विद्यार्थी जे 'आऱ्हेनियस इक्वेशन' घोकतात, ते त्याच पेपरमधून आलं.

त्याला पडलेला प्रश्न साधा होता. तापमान जरासं वाढवलं तर रिअॅक्शनचा वेग एवढा का वाढतो? २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलात तर रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. पण साखर फुटण्याचा वेग जवळजवळ चौपट होतो!

हे कळायला कटऑफचं उदाहरण घ्या. समजा एखाद्या कॉलेजचा कटऑफ ९८ पर्सेंटचा आहे आणि पेपर किंचित सोपा गेल्यामुळे सगळ्यांचे मार्क दोन-तीन टक्क्यांनी वाढले. सरासरीत फारसा फरक दिसत नाही. पण ९८ च्या वर गेलेल्यांची संख्या किती पटीने वाढली ते बघा. रेणूंचंही तसंच. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे रिअॅक्शन करण्याएवढी ऊर्जा नसतेच. कटऑफच्या वर असलेले मोजकेच. तो कटऑफ म्हणजे 'ॲक्टिव्हेशन एनर्जी'. तापमान वाढलं की सरासरी थोडीच सरकते, पण कटऑफच्या वरची गर्दी भराभर वाढते. आऱ्हेनियसने नेमकं हेच सुचवलं होतं, की सगळी साखर फुटायला तयार नसते, त्यातली थोडीच 'ॲक्टिव्ह' असते.

आम्लाच्या मदतीने साखर फुटते तेव्हा हा कटऑफ मोलला साधारण १०८ किलोजूल असतो. 'दर दहा अंशांना वेग दुप्पट' हा नियम पुस्तकात असतो, पण तो ढोबळ आहे. कटऑफ जितका उंच, तितका तापमानाचा परिणाम मोठा. म्हणून साखरेला दुप्पट नाही, चौपट. आता समीकरणात २५ अंश आणि १०० अंश टाकून बघा. उत्तर येतं सहा हजार पटींहून जास्त. कॅल्क्युलेटर काढा आणि खात्री करा. गाळलेला उसाचा रस उकळायला ठेवणाऱ्या प्रत्येकाचं या आकड्याशी थेट देणंघेणं आहे.

घाट की बोगदा

साखर कारखान्याचं काम काय? उसातली साखर, साखर म्हणूनच बाहेर काढायची. त्यासाठी रसातलं पाणी उडवावं लागतं, म्हणजे तापवावं लागतं. आणि तापवलं की इन्व्हर्जनचा वेग वाढतो. फुटलेल्या साखरेचे दाणे होत नाहीत. ती मळीत जाते. म्हणजे पाणी उडवायला जी उष्णता हवी, तीच साखर खाते. यातून वाट कशी काढायची?

उसाचा ताजा रस मुळातच थोडा आंबट असतो, पीएच साधारण ५ ते साडेपाच. लिंबाने पाकात जे केलं, तेच काम हे आम्ल इथे करतं, फक्त इथे ते कुणाला नको असतं. आम्ल इथे उत्प्रेरक आहे, म्हणजे कॅटॅलिस्ट. कॅटॅलिस्टचं काम घाटातल्या बोगद्यासारखं असतं. घाटाच्या अलीकडचं गाव तेच, पलीकडचं गाव तेच, दोन्ही गावांची उंचीही तीच. फक्त डोंगराच्या माथ्यावरून जाण्याऐवजी खालून वाट मिळते. त्यामुळे जास्त जण लवकर पलीकडे पोहोचतात. आणि बोगदा वापरल्याने संपत नाही. म्हणूनच चार थेंब लिंबू पातेलंभर पाकाला पुरतं.

मग कारखाना काय करतो? बोगदा बुजवतो! रसात चुन्याचं दूध घालतात. कारखान्यांमध्ये त्यासोबत गंधक जाळून तयार केलेला वायूही सोडतात. रस निवळतो, गाळ खाली बसतो आणि पीएच ७ च्या आसपास येतो. पीएच ५ वरून ७ वर नेणं म्हणजे आम्ल शंभर पटीने कमी करणं. इन्व्हर्जनचा वेग आम्लाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे वेगही साधारण शंभर पटीने खाली. मग चुना आणखी ओतायचा का? नाही. जास्त अल्कली झाली की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बिघडायला लागतात, रंग काळपट होतो. मधली अरुंद वाट पकडावी लागते.

दुसरा उपाय तापमानाचा. दाणे पाडायच्या शेवटच्या टप्प्यात पॅनमधली हवा काढून घेतात. दाब कमी झाला की रस कमी तापमानाला, सत्तर अंशांच्या आसपासच उकळतो. प्रेशर कुकरच्या बरोबर उलटा खेळ. कुकरमध्ये दाब वाढवून, तापमान वाढवून डाळ लवकर शिजवायची. इथे दाब कमी करून साखरेला वाचवायचं.

कोल्हापूरकडचा गुळव्या यातलं एकही समीकरण लिहीत नाही, पण काहिलीतल्या रसात चुन्याची निवळी किती घालायची आणि आच कधी कमी करायची हे त्याला रंग, फेस आणि वास यांवरून कळतं. शिळ्या उसाचा गूळ मऊ पडतो, ढेप नीट बसत नाही, हेही त्याला ठाऊक असतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर त्यात इन्व्हर्ट शुगर जास्त झालेली असते.

कॅन्टीनची एकच खिडकी

कारखान्यात पोहोचल्यावर चुना आहे, निर्वात पॅन आहे. पण त्याआधी? ऊस तोडला की त्याच क्षणी घड्याळ सुरू होतं. उसाच्या पेशींमध्ये इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं. नावातच काम आलं. शिवाय कापलेल्या टोकातून जंतू आत शिरतात, ते आपली एन्झाइम्स आणतात. एन्झाइम म्हणजे सजीवांनी बनवलेला कॅटॅलिस्ट, आणि त्याच्यापुढे लिंबू अगदी कच्चा खेळाडू.

एन्झाइमचा वेग समजला तोही याच रिअॅक्शनमुळे. १९१३ मध्ये बर्लिनमधल्या एका रुग्णालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटन यांनी इन्व्हर्टेज साखर किती वेगाने फोडतं ते काटेकोर मोजलं. मेंटन कॅनडाच्या. वैद्यकातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या तिथल्या पहिल्या काही बायकांपैकी एक. बायोकेमिस्ट्रीच्या प्रत्येक पुस्तकात त्यांचं नाव छापलं गेलं, पण त्या पूर्ण प्रोफेसर झाल्या तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या.

त्यांच्या समीकरणाचं सार कॅन्टीनमध्ये दिसतं. मधल्या सुट्टीत खिडकी एकच आणि वडापाव देणारा माणूसही एकच. रांगेत दोघं असताना आणखी चार आले तर विक्री वाढते. पण रांगेत पन्नास असताना आणखी पन्नास आले तरी विक्री तेवढीच राहते, कारण देणारे हात तेवढेच आहेत. एन्झाइमचं तसंच. साखर कमी असते तेव्हा साखर वाढवली की वेग वाढतो. साखर भरपूर झाली की वेग एका छतावर जाऊन थांबतो. तिथे रिअॅक्शन 'झीरो ऑर्डर' होते. जास्त वेग हवा असेल तर खिडक्या वाढवायच्या, म्हणजे एन्झाइम वाढवायचं.

तोडलेल्या उसात नेमकं हेच होतं. साखर भरपूर असते आणि जंतू वाढत जातात तशा खिडक्या वाढत जातात. म्हणून पहिल्या दिवसापेक्षा दुसरा दिवस वाईट आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा.

तुकडे जितके, तोंडं तितकी

खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, लाकडाच्या ओंडक्यापेक्षा ढलप्या लवकर पेटतात. कारण तेच, समोर आलेला पृष्ठभाग. 'सरफेस एरिया' हा कायनेटिक्समधला सगळ्यात सोपा मुद्दा म्हणून आपण पुढे जातो. पण तो आता महाराष्ट्राच्या शिवारात एक मोठा प्रश्न झालाय.

कोयत्याने तोडलेला ऊस अख्खा असतो. त्याला कापलेली तोंडं दोनच. हार्वेस्टर मशीन मात्र उसाचे वीतभर-हातभर लांबीचे तुकडे करून बाहेर टाकतं. एका उसाचे आठ तुकडे झाले तर दोनाऐवजी सोळा उघडी तोंडं. जंतूंना सोळा दरवाजे! म्हणून मशीनने तोडलेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो आणि तो लवकरात लवकर गाळावा लागतो. जळालेल्या उसाचंही तेच, साल तडकते आणि आतलं सगळं उघडं पडतं. मजुरांच्या टंचाईमुळे मशीन येणार, यायलाच हवं. पण मशीन आलं आणि कारखान्याच्या दारातली रांग तेवढीच राहिली तर वाचवलेला वेळ साखर गिळून टाकणार.

सगळ्यात हळू कोण?

आता कायनेटिक्समधली एक कल्पना जिचा उपयोग केमिस्ट्रीच्या बाहेरही होतो. रिअॅक्शन अनेक पायऱ्यांची असेल तर एकूण वेग ठरवते ती सगळ्यात हळू पायरी. 'रेट डिटरमाइनिंग स्टेप'. बाकीच्या पायऱ्या कितीही पळवा, उपयोग नाही.

उसाचा प्रवास बघा. तोड, मोळ्या बांधणं, भरणी, वाहतूक, यार्डात नंबर लागणं, मग गव्हाण आणि गाळप. ट्रॅक्टर जोरात चालवून अर्धा तास वाचवला आणि यार्डात चौदा तास थांबावं लागलं, तर तो अर्धा तास कुठे गेला? तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळला जावा, असं शेतकऱ्यांना आणि कारखान्यांना सांगितलं जातं. पण तो वेळ खरंच कुठे जातो हे शोधायचं तर सगळ्यात हळू पायरी शोधावी लागते.

त्यात तापमान मिसळा. डिसेंबरच्या थंडीतला ऊस आणि एप्रिलमधल्या उन्हातला ऊस यांचं घड्याळ सारखं चालत नाही. दर दहा अंशांना दुप्पट हा ढोबळ हिशेब धरला तरी २५ ऐवजी ४० अंशांत वेग जवळजवळ तिप्पट होतो. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला की राज्यातलं गाळप जूनपर्यंत लांबलं. ज्यांचा ऊस शेवटी तुटला त्यांना भर उन्हाळ्यातलं घड्याळ मिळालं.

आणि या घड्याळावर पैसे लागलेले असतात. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, हा 'उतारा'. उसाचा एफआरपी या उताऱ्याला बांधलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये दर होता आणि त्यापुढे उतारा प्रत्येक ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ३२ पैसे जास्त. आकडा किरकोळ वाटतोय? समजा एका कारखान्याने ५ लाख टन ऊस गाळला. ०.१ टक्का म्हणजे ५०० टन साखर. आणि शेतकऱ्यांच्या हिशेबात टनामागे ३३ रुपये २० पैसे, म्हणजे एकूण १ कोटी ६६ लाख. उतारा कारखान्याचा सरासरी धरला जातो, त्यामुळे कुणाच्या तरी उसाला झालेला उशीर सगळ्यांच्या वाट्याला येतो. शिवाय पडून राहिलेला ऊस वाळतो, वजनात घटतो, तो तोटा ज्याचा त्याचा.

हे घड्याळ आणखी कुणाच्या तरी अंगावर चालतं. कारखाना चोवीस तास चालतो, गव्हाण रिकामी ठेवता येत नाही, ऊस ताजाच हवा. म्हणून बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कामगारांची जोडपी पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि ट्रक आला की रात्री कितीही वाजता भरणी करतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एका दिवसाची सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. साखरेच्या रेणूला थांबवता येत नाही, म्हणून माणसाला थांबू दिलं जात नाही. पण वर पाहिलंत, वेग बदलायचे मार्ग अनेक आहेत. यार्डातली रांग कमी करणं, तोडीचं वेळापत्रक नीट लावणं, ऊस सावलीत ठेवणं, तोड आणि गाळप यांचा मेळ घालणं. सगळा भार कोयत्यावरच का टाकायचा, हा प्रश्न केमिस्ट्री शिकलेल्यानेच विचारायला हवा, कारण बाकीच्या पायऱ्या त्याला दिसतात.

करून बघा

- लॅपटॉप, गॉगल आणि पाक : एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश पोलराइज्ड असतो. स्क्रीनवर पांढरं पान उघडा. एका सरळ काचेच्या ग्लासात गार झालेला घट्ट, नितळ पाक घ्या आणि तो स्क्रीनसमोर धरा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे धरून हळूहळू फिरवा. पाकात रंग बदलताना दिसतील. मग पाकाच्या जागी साधं पाणी ठेवून बघा. विल्हेल्मीने जे पाहिलं त्याची ही घरगुती झलक.

- दोन पातेली : सारखीच साखर आणि सारखंच पाणी घेऊन दोन घट्ट पाक करा. एकात अर्धं लिंबू पिळा. दोन्ही मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं सारखेच उकळा. गार झाल्यावर दोन्हीत साखरेचे चार दाणे टाका आणि झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी कुठे खडे धरले ते बघा. उकळत्या पाकाचा चटका पाण्यापेक्षा वाईट असतो, तेव्हा जपून.

- कॅल्क्युलेटर : ॲक्टिव्हेशन एनर्जी ५० किलोजूल आणि १०८ किलोजूल धरून २५ ते ३५ अंशांत वेग किती पट वाढतो ते काढा. पहिल्याचं उत्तर दुपटीजवळ येईल, दुसऱ्याचं चौपटीजवळ. 'दहा अंशांना दुप्पट' कुठे चालतं आणि कुठे नाही, ते परत कधी विसरणार नाही.

मग पुढे काय?

कायनेटिक्स आवडलं तर शिकायला जागा आपल्याच राज्यात आहेत. मुंबईतली इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे जुनी यूडीसीटी, आणि पुण्यातली नॅशनल केमिकल लॅबोरेटरी या दोन संस्थांनी रिअॅक्शन इंजिनीअरिंगमध्ये जगात नाव कमावलंय. यूडीसीटीचे प्रा. एम. एम. शर्मा आणि एनसीएलचे डॉ. एल. के. दोरायस्वामी यांचं हेटेरोजीनियस रिअॅक्शन्सवरचं पुस्तक १९८४ मध्ये आलं. साखरेतच शिरायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

आणि केमिस्ट्री घ्यायची नसेल तरी हरकत नाही. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी ऊस आहे, कुणाच्या गावाजवळ कारखाना आहे. यंदा हंगाम सुरू झाला की एका खेपेचा हिशेब मांडा. ऊस किती वाजता तुटला, किती वाजता भरला, यार्डात किती वाजता पोहोचला, गव्हाणीत किती वाजता पडला. चार वेळा, एका कागदावर. अशा दहा खेपा लिहिल्यात की सगळ्यात हळू पायरी कोणती ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. मग तो कागद घेऊन कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे जा आणि विचारा, इथे काय करता येईल?